पीएस५ (सोनीचं गेम खेळायचं मशीन, प्लेस्टेशन ५) आत्ता घेऊ का थांबू?

भावा, राजारामपुरीतला दुकानदार काहीही सांगू दे, आधी मशीनचं वय बघ. पीएस४ आला २०१३ ला, पीएस५ २०२० ला. सात वर्षांचा फेरा. पण नवा आला म्हणून जुना लगेच अडगळीत जात नाही. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' २०२२ मध्ये पीएस४ वरही आलाच की! बजेट कमी असेल तर सेकंडहँड चालेल, फक्त गेमची डिस्क घालता येते तोच घे. खेळून झालं की गेम विकता येतो.

मोठ्या कंपन्या गेम बनवणारे स्टुडिओ विकत घेतात, त्या बातम्यांना लई भुलू नको. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड जवळपास ६९ अब्ज डॉलरला उचलली, तरी तिचा 'कॉल ऑफ ड्यूटी' प्लेस्टेशनवर येतोयच. (एवढे पैसे ओतल्यावर गिऱ्हाईक कोण सोडतंय?) इन्सोम्नियाक ही गेम कंपनी मात्र २०१९ पासून सोनीची, तिचा 'स्पायडरमॅन' मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स मशीनवर नाही. तुला नेमकं काय खेळायचंय, ते सांग आधी.