चावा खोल असेल तर नुसती लस पुरत नाही

प्रश्न : आमच्या शाळेतल्या पहिलीच्या मुलाच्या गालाला आणि ओठाला भटकं कुत्रं चावलं. ग्रामीण रुग्णालयात दंडात लस दिली आणि सीरमसाठी जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं. ‘इंजेक्शन झालं की, आता परत कशाला?’ असं घरचे म्हणत होते. आम्ही आग्रह धरला म्हणून नेलं. सीरमची खरंच गरज होती का? आणि ओठ फाटला असूनही त्या दिवशी टाके का घातले नाहीत?
— एक शिक्षिका, तालुका अकोले

उत्तर : गरज होतीच. तुम्ही हटून बसलात ते फार चांगलं केलंत.

लस घेतल्यावर शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, तयार करतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात जखमेतला विषाणू मज्जातंतूत शिरू शकतो. चेहऱ्यापासून मेंदू जवळ, त्यामुळे तिथला चावा जास्त धोक्याचा. सीरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात आणि ती जखमेतच विषाणूला गाठतात. कातडी फाटून रक्त आलं असेल, तर लस आणि सीरम दोन्ही हवीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

घोड्यापासून बनवलेल्या सीरमचा डोस किलोमागे ४० युनिट. मूल १८ किलोचं असेल तर ७२० युनिट, म्हणजे मिलीलीटरला ३०० युनिटच्या कुपीतून २.४ मिली. मानवी सीरम असेल तर किलोमागे २० युनिट. हे औषध दंडात किंवा कुल्ल्यात टोचून भागत नाही. सुई जखमेच्या कडांत आणि तळाशी फिरवून प्रत्येक जखमेत भरावं लागतं. चार-पाच जखमा असल्या आणि औषध पुरेनासं झालं, तर त्यात सलाईन मिसळून वाढवतात. वजनाच्या हिशोबापेक्षा जास्त युनिट देत नाहीत. एखादी बारीकशी जखम भरायची राहिली, तर धोका तिथेच राहतो. म्हणून केसांत, कानामागे, बोटांच्या बेचक्यात दातांच्या खुणा आहेत का ते आधीच शोधून डॉक्टरांना दाखवा. सीरम दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते आणि तिचं औषध तिथे हाताशी असतं. पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही, तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंत देता येतं, त्यानंतर नाही.

टाके न घालणंच बरोबर होतं. सुईबरोबर विषाणू आणखी खोल जातो आणि जखम बंद केली की आतला पू कोंडतो. रक्त थांबतच नसेल किंवा जखम फारच उघडी असेल, तर आधी सीरम भरून, काही तास थांबून, मोजके सैल टाके घालतात.

या सगळ्याच्या आधीचं काम मात्र शाळेतच करायचं असतं, नळाखाली. वाहतं पाणी, साबण, आणि घड्याळ लावून १५ मिनिटं. विषाणूचं वरचं आवरण चरबीचं असतं, ते साबणाने फुटतं. दोन मिनिटांत मूल रडायला लागतं आणि मोठी माणसं धुणं थांबवतात, इथेच चुकतं. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावा. मिरची, हळद, चुना, रॉकेल यांतलं काहीही नको. त्याने मांस भाजतं आणि धुणं राहून जातं. उशीर झाला असला तरी धुवा.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं, पण उपचार त्यासाठी अडवू नयेत. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ० (पहिल्या डोसाचा दिवस), ३, ७ आणि २८. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जंतुसंसर्गावरच्या गोळ्या डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : ऊसतोडीच्या वेळी रानडुकराने सुळा मारून मांडी फाडली, तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करावं?
— एक शेतकरी, तालुका शिराळा

उत्तर : इथे धुण्याआधी रक्त थांबवायचं. माणसाला आडवं करा. स्वच्छ फडकं जखमेत खोलवर कोंबा आणि दोन्ही हातांनी, कोपरं सरळ ठेवून, दहा मिनिटं न उचलता दाबा. ‘थांबलं का’ म्हणून मधेच फडकं काढलं की धरलेली गुठळी निघते. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

तरीही धार सुरूच राहिली तर जखमेच्या चार बोटं वर, गुडघ्याचा सांधा सोडून, रुंद पट्टा बांधा. त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा, काठी तशीच बांधून टाका आणि वेळ कपाळावर पेनाने लिहा. सुतळी किंवा तार वापरू नका, ती मांसात रुतते. बांधलेला पट्टा वाटेत सैल करू नका. पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका; ओल्या स्वच्छ कापडाने झाका. पाणी, चहा काही देऊ नका. १०८ला फोन करताना ‘रक्तस्राव थांबत नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

रानटी जनावराचा चावा म्हणून रेबीजची लस आणि सीरम इथेही लागतं. टाक्यांच्या गडबडीत ते राहून जातं, तेव्हा आठवण करून द्या. वनरक्षकाला कळवा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा, भरपाईसाठी लागतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कुत्रा चावल्यावर सगळे डोस घेतले होते. आता मांजराने चावून रक्त काढलं. पुन्हा सगळं घ्यायचं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. जखम तशीच १५ मिनिटं धुवा आणि लसीचे दोनच डोस घ्या, एक आज आणि दुसरा आजपासून तीन दिवसांनी. सीरम लागत नाही. मात्र आधीच्या डोसांचा कागद दाखवावा लागेल. तो नसेल तर डॉक्टर तुम्हाला नवीन रुग्ण धरून पूर्ण उपचार करतील.