ग्राफिक्स उतरवले तरी खेळ अडखळतो

प्रश्न : माझ्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि ३२०० वेगाची १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे. नुकताच १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तरीही खेळ मध्येच अडखळतो. ग्राफिक्स 'अल्ट्रा'वरून 'लो'वर आणले, तरी दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या ७०च्या आसपासच राहते. 'गेम बूस्टर'चाही उपयोग झाला नाही. नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका, कारण उत्तराचा बराचसा भाग तुमच्याच निरीक्षणात आहे. कार्डावरचा भार इतका कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर कार्ड थकलेले नसून ते प्रोसेसरची वाट पाहत असावे. पात्रांच्या हालचाली, टकरींचे गणित आणि काय रेखाटायचे याच्या सूचना हे सारे प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर तयार करतो, तेव्हा कुठे कार्डाचे काम सुरू होते. खात्रीसाठी खेळात किंवा कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (ड्रायव्हर) फ्रेमची मर्यादा घातलेली नाही ना, हे पाहून रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करा. पिक्सेल निम्म्याहून कमी होऊनही आकडा ७०च राहिला, तर शंका उरणार नाही.

अशा वेळी मी आधी रॅम तपासतो, कारण ती संथ चालली तर प्रोसेसरलाही माहितीसाठी थांबावे लागते. ३२०० वेगाची रॅम बसवली म्हणजे ती त्याच वेगाने चालते असे नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी प्रोफाइल (रॅमचा जाहीर वेग लागू करणारी तयार सेटिंग) सुरू केलेले नसेल, तर ती अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात प्रत्यक्ष वेग दिसतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या स्लॉटमध्येच हव्यात. प्रोफाइल सुरू केल्यावर संगणक अस्थिर झाला, तर मात्र पूर्वीच्या वेगावर परत या.

खेळातही प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गोष्टी, म्हणजे गर्दीची घनता, दृश्याचे अंतर आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचे गणित करून सावल्या व प्रतिबिंबे दाखवणे), आधी कमी करा. एका वेळी एकच, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे, मात्र कार्डाच्या मेमरीत मावत असेल, तर खुशाल पुन्हा वाढवा, कारण ते उतरवून तुम्ही काहीही न मिळवता चित्र तेवढे बिघडवले आहे.

मॉनिटरची सेटिंगही पाहा. विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० हर्ट्झवर राहिला असण्याची शक्यता असते, आणि मग ७० फ्रेम तयार झाल्या तरी पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो. १४४ हर्ट्झवर पडद्याच्या दोन बदलांमधला वेळ १६.७ मिलिसेकंदांवरून सुमारे ६.९ वर येते.

'बूस्टर' काढून टाकलेत तरी चालेल. पार्श्वभूमीतले प्रोग्रॅम बंद करण्यापलीकडे ते फारसे काही करत नाहीत, आणि तेवढे आपले आपल्यालाही जमते. खेळ पहिली काही मिनिटे सुरळीत चालून नंतरच मंदावत असेल, तर प्रोसेसरचे तापमान पाहा. पंख्यात साठलेली धूळ कोणत्याही सेटिंगने जात नाही.