पर्समधली गोळी

«ताई, मी 31 वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी लिफ्टमध्ये अचानक छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, वाटलं आता संपलं. ईसीजी, इको सगळं नॉर्मल. तेव्हापासून असं सहा वेळा झालं. आता लिफ्ट, बस, गर्दी सगळं बंद. नवरा बरोबर असल्याशिवाय बाहेर पडत नाही. डॉक्टरांनी ‘लागली तरच घ्या’ म्हणून दिलेली गोळी पर्समध्ये असते. एकदाही घेतली नाही, पण पर्स विसरले तर जीव घाबरतो. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मला खरंच काही झालेलं नाही का?»

झालंय गं. खेळ असता तर तू तो केव्हाच थांबवला असतास. 1871 मध्ये जेकब द कोस्टा या डॉक्टरांनी अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड नोंदवून ठेवली आहे. तेव्हा हा भित्रेपणा आहे, असं मनातसुद्धा आणू नकोस.

तुझं वर्णन पॅनिक अटॅकचं वाटतं. पक्कं निदान मानसोपचारतज्ज्ञ करतील. थायरॉईड तपासलं नसेल तर तेही तपासून घे. ते वाढलं तरी अशीच धडधड होते.

आपल्या मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे. धोक्याची नुसती शंका आली तरी तो विचारांची वाट न पाहता शरीराला पळायला तयार करतो. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. पळणाऱ्याला हे सगळं उपयोगी पडतं. तू मात्र लिफ्टमध्ये जागच्या जागी उभी होतीस. अशा वेळी भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. हवा पुरत नाही असं वाटतं, आणि नेमका तेव्हा ऑक्सिजन पुरेसा असतो. म्हणून ‘खोल श्वास घे’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. जोरजोरात श्वास ओढलेस तर मुंग्या वाढतील. श्वास हळूहळू सोडण्याकडे लक्ष दे.

मग मुंग्या आल्या की मन म्हणतं, हार्ट अटॅक! त्या विचाराने आणखी अ‍ॅड्रेनलिन, आणखी धडधड. हे चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं, आणि आजचे उपचार बरेचसे त्यावरच उभे आहेत. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपोआप उतरतो.

आता त्या गोळीकडे येते, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं तेच वाटलं. सहाही झटके गोळी न घेता ओसरले. पण श्रेय मिळालं पर्सला, नवऱ्याला आणि लिफ्टमधून पळून जाण्याला. ‘मी थांबले आणि तरी काही झालं नाही’ हे शिकण्याची संधीच तुझ्या मेंदूला मिळाली नाही. नवरा प्रेमाने सोबत येतो, त्याला दोष देऊ नकोस. पण त्याच्या सोबतीने भीती टिकून राहते, हे त्यालाही समजावून सांग.

यावर सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी, चांगली लागू पडते. थेरपिस्ट तुला मुद्दाम जागेवर धावायला लावतील, गोल फिरायला लावतील, म्हणजे धडधड आणि गरगर ओळखीची होईल. मग एकेक टाळलेली जागा. त्रास फार असेल तर एसएसआरआय या गटातली, चिंता आणि नैराश्यावरची रोजची औषधंही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढू शकते, म्हणून घाबरून मध्येच सोडू नकोस. पर्समधली गोळी कोणत्या गटातली आहे, तेही डॉक्टरांना विचार. झटकन शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते.

थेरपी सुरू झाली की लिफ्टचीही पाळी येईल. तेव्हा एकाच मजल्यापासून सुरुवात कर. पहिल्या दोन-तीन खेपा नवरा आत असू दे, पुढच्या खेपेला तो खाली थांबेल आणि पर्स त्याच्याच हातात असेल. कसं झालं ते मला नक्की कळव.