उंचीवरचं पान लहान आणि जाड का?

प्रश्न : उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवर जसजसं वर जावं तसतशी झाडांची पानं लहान आणि जाड होत जातात, असं वाचलं. पण तिथे पाऊस आणि धुकं भरपूर असतं. पाणी कमी नसेल, तर पान आखडायचं कारण काय? आणि खालच्या झाडाचं बी वर नेऊन लावलं, तर त्यालाही तशीच पानं येतील का?

उत्तर : ‘पाणी कमी नसेल, तर’ हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते बरं केलंत. रखरखीत प्रदेशातलं पान लहान आणि चामट असतं, म्हणून डोंगरावरचंही तहानेपायीच तसं झालं असणार, असं पुष्कळ जण धरून चालतात. ढगांत बुडालेल्या रानातही पानं जाडच होतात. तिथे मुख्य कारण गारवा.

मी अनेक वर्षं पानं मोजते. पंचने पानाची ठरावीक मापाची चकती काढायची, ६०–७० अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायची आणि तोलायची. एका चौरस मीटर पानात किती ग्रॅम सुका ऐवज आहे, ते यातून कळतं. खरं तर काट्यावर ठेवण्याआधीच बोटांना समजलेलं असतं. सखल रानातल्या पानातून पंच अलगद पार जातो. ३,००० मीटरवरच्या पानाला अंगठ्याचा जोर लावावा लागतो आणि कट्‌ असा आवाज येतो.

दर १,००० मीटरला हवा साधारण ५ ते ६ अंशांनी थंड होते. माती थंड, म्हणून पाचोळा सावकाश कुजतो आणि मुळांना नत्र बेताबेतानं मिळतं. अशा ठिकाणी नवं पान घडवणं झाडाला महाग पडतं. मग एकदा घडवलेलं पान लवकर गाळून चालत नाही. त्यानं जास्त दिवस काम करायला हवं. वारा, गारठा, किडे यांना पुरून उरायचं तर अंग भक्कम लागतं. जाडी येते ती अशी. उंचीवरची प्रखर अतिनील किरणं आणि विरळ हवा यांचाही त्यात हात आहे (३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो), पण माझ्या मते गारवा आणि नत्राची चणचण यांचं पारडं जड आहे.

पान लहान असण्याचं कारण थोडं वेगळं. रात्री आभाळ निरभ्र असलं की पान आपली उष्णता आकाशाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. मोठ्या पानाभोवती स्थिर हवेचा थर जाड असतो, त्यामुळे त्याला हवेकडून ऊब परत घेणं जड जातं. लहान पान हवेच्या तापमानाच्या जवळपास राहतं. जगभरातल्या ७,६७० जातींची पानं एकत्र तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसा तापण्याइतकंच रात्री गारठणंही पानाच्या आकाराला मर्यादा घालतं, हे त्यात स्पष्ट दिसलं.

तरी हा नियम दगडावरची रेघ समजू नका. अँडीज पर्वतात वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडांचं रान संपतं त्याहून उंचावर, फ्रायलेहोन नावाच्या वनस्पती वाढतात. त्यांची पानं चांगली लांबरुंद, पण लोकरीसारख्या दाट लवेनं मढलेली. वाळलेली पानंही गळून न पडता खोडाला गोधडीसारखी लपेटून राहतात. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावरच्या महाकाय सेनेसिओ या वनस्पती रात्री आपली मोठी पानं मिटून मधला कोंब झाकतात. थंडीवर तोड एकच नसते.

आता बियांचं. याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला हवाई बेटांवरच्या ओहिया या झाडात दिसतं. ही एकच जात समुद्रकाठापासून सुमारे २,५०० मीटरपर्यंत वाढते. भिंगाखाली पाहिलं तर सखल भागातलं पान सहसा दोन्हीकडून गुळगुळीत. उंचावरचं इवलंसं, आणि पाठीवर पांढुरकी लव इतकी दाट की पर्णरंध्रं शोधायला ती खरवडावी लागते. निरनिराळ्या उंचीवरची ही झाडं एकाच जागी वाढवून पाहिली, तेव्हा लव ज्याची त्याच्याकडे राहिली. ती वंशातून आलेली. बाकी बऱ्याच गुणांमधला फरक मात्र पुसट झाला. म्हणजे तुमचं बी वर रुजलंच, तर पानं थोडीफार जागेप्रमाणे बदलतील, पण उंचावरच्या झाडासारखी हुबेहूब होणार नाहीत.

स्वतः मोजून पाहणार असाल, तर एक सांगते. सुरुवातीला मी खाली हाताला लागतील ती सावलीतली पानं तोडली आणि वर, झाडंच बुटकी असल्यानं, थेट शेंड्याची. फरक भलामोठा आला. पण एकाच झाडावरही उन्हातलं पान सावलीतल्यापेक्षा जाड आणि लहान असतं! त्या मोसमाचे सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले. तेव्हा दोन्हीकडे भर उन्हातली, पूर्ण वाढलेली, न कुरतडलेली पानं घ्या. जमलं तर एकाच जातीची. आणि प्रत्येक पाकिटावर उंचीबरोबर फांदी उन्हातली की सावलीतली, हेही तिथल्या तिथे लिहून ठेवा.