आर्म कुठला, ते आधी सांगा

या वेळच्या बहुतेक पत्रांत कार्ट्रिजचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची सुई जिच्यात बसते त्या डबीचं नाव आहे, किंमत आहे, दुकानदाराचं मतही आहे. ती डबी ज्याच्या टोकाला बसते त्या टोनआर्मबद्दल मात्र अवाक्षर नाही. ज्यांनी आर्मही कळवलाय, त्यांचे प्रश्न आधी घेतो.

टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ सेकंडहँड घेतला आहे. त्यावर ऑर्टोफॉन २एम रेड लावू की डेनॉन डीएल-१०३? दुकानदार म्हणतो १०३ हलक्या आर्मवर चालत नाही. हे कॉम्प्लायन्सचं गणित एकदा समजावून सांगाल का? (डोंबिवली)

गणित एका ओळीचं आहे. सुई ज्या बारीक दांडीच्या टोकाला असते, ती दांडी रबरात बसवलेली असते. त्या रबराचा लवचिकपणा म्हणजे कॉम्प्लायन्स. ही झाली स्प्रिंग. तिच्यावर भार कुणाचा? आर्मचा इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि वर स्क्रूंचा एखादा ग्रॅम. इफेक्टिव्ह मास आर्म काट्यावर ठेवून मिळत नाही. सुईच्या जागी जाणवणारं आर्मचं जडत्व म्हणजे तो आकडा, आणि तो कंपनीच्या पत्रकात असतो.

आता एकूण ग्रॅमना कॉम्प्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. येईल तो रेझोनन्स, म्हणजे ही जोडी स्वतःहून झुलते तो वेग, हर्ट्झमध्ये. तो ८ ते १२ च्या मध्ये बसला की झालं. त्याहून खाली गेला, तर वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे आणि घरातली पावलं आर्मला झुलवायला लागतात. फार वर गेला, तर तो २० हर्ट्झच्या, म्हणजे संगीताच्या हद्दीजवळ पोचतो आणि खर्ज उगाच फुगतो.

तुमचा आर्म १२ ग्रॅमचा. २एम रेड ७.२ ग्रॅमची, कॉम्प्लायन्स २०. स्क्रू धरून २०.२ ग्रॅम, म्हणजे रेझोनन्स ७.९. काठावर पास.

डीएल-१०३ मूळची १९६२ सालची, जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेली. वजन ८.५ ग्रॅम, पत्रकात कॉम्प्लायन्स ५. इथे बरेच जण फसतात. जपानी कंपन्या हा आकडा बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात, आपल्या सूत्राला तो १० हर्ट्झचा लागतो. दीडपट ते दुप्पट धरायचा, असा ठोकताळा आहे. दुप्पट धरला तर रेझोनन्स १०.८ येतो. म्हणजे उत्तम. दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, पण १२ ग्रॅमचा आर्म हलका नव्हे, मध्यम आहे.

खरी अडचण दुसरीच आहे. १०३ ही मूव्हिंग कॉइल (एमसी) जातीची, तिच्यातून जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट निघतात. रेड देते ५.५. तुमच्या ॲम्प्लिफायरला एमसी इनपुट नसेल, तर हा बारीक सिग्नल वाढवणारा फोनो स्टेज किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि तो कार्ट्रिजपेक्षा महाग पडू शकतो. मला विचाराल तर तूर्त दोन्ही नको. चोरबाजारातून आणलेल्या रेकॉर्डी क्वचितच सपाट असतात. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ६.१ ग्रॅमची, पत्रकात कॉम्प्लायन्स ७. १० हर्ट्झला १२ धरा. तुमच्या आर्मवर रेझोनन्स १०.५ येतो. खर्च कमी, आणि जोडी रेडपेक्षा चांगली.

गिरगावात जुन्या चाळीत राहतो, जमीन लाकडी तक्तपोशीची. कुणी चाललं की सुई उडते, वूफरचा पडदा आतबाहेर होतो. रेगाचा आरबी३०० आर्म, वडिलांची जुनी कार्ट्रिज (६ ग्रॅम, कॉम्प्लायन्स ३०). हेडशेलवर (आर्मच्या टोकाला, जिथे कार्ट्रिज बसते) पंचवीस पैशांचं नाणं चिकटवलं, फारसा फरक नाही.

नाणं आजच काढा. एचएमव्हीच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरच्या जमान्यातला हा उपाय. त्या प्लेअरची सिरॅमिक कार्ट्रिज मुळातच जड हाताने चालायची, तिला चालून जायचं. तुमचा आर्म ११ ग्रॅमचा, म्हणजे कार्ट्रिज आणि स्क्रू धरून १८, आणि रेझोनन्स ६.८. नाण्याने त्यात अडीचेक ग्रॅमची भर घातली आणि तो ६.४ वर आणला. म्हणजे पावलांच्या धक्क्याच्या आणखी जवळ. वर सुईवरचा दाबही वाढला, तो वेगळाच.

एकदा स्पीकरची जाळी काढा आणि सुई दोन गाण्यांमधल्या कोऱ्या पट्टीवर टेकवा. आवाज नसतानाही पडदा सावकाश हेलकावत असेल, तर दुखणं हेच. मग वाकलेली रेकॉर्ड लावून बाजूने, डोळे सुईच्या पातळीत आणून बघा. चढ आला की कार्ट्रिज सुईबरोबर उचलली गेली पाहिजे. कार्ट्रिज जागच्या जागी राहून सुईची दांडीच तिच्या पोटात दबत असेल, तर जोडी जुळलेली नाही.

आधी टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावरून उचला आणि भिंतीतल्या फळीवर ठेवा. भिंत विटांची हवी, पार्टिशनवर नको. निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपेल. उरलेल्यासाठी कार्ट्रिज बदला. व्हीएम९५ई तुमच्या आर्मवर १०.८ देते. वडिलांची कार्ट्रिज मात्र टाकू नका, न्यू जर्सीच्या पत्रात तिचं गिऱ्हाईक आहे.

एसएमई ३००९ सीरिज थ्री, ५ ग्रॅमचा आर्म. इथे सगळे डीएल-१०३आर घ्या म्हणतात. घेऊ? (न्यू जर्सी)

नको. गणित १३ च्या वर जातं. डोंबिवलीचा दुकानदार जे सांगतो, ते तुमच्या आर्मला लागू आहे. हा आर्म सत्तरच्या दशकातल्या अतिलवचिक कार्ट्रिजसाठी केलेला. त्या काळचं मोठं नाव शुअर. त्यांनी २०१८ मध्ये कार्ट्रिज करणं बंद केलं, पण त्यांच्या जुन्या मॉडेलांना बसणाऱ्या सुया जपानची जिको कंपनी करते. नवंच हवं असेल तर २एम ब्लू. तुमच्या आर्मवर ९.८. डोंबिवलीत काठावर पास होणारी मालिका तुमच्याकडे पहिल्या वर्गात येते.

व्हीएम९५ई लावली आहे. गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ फिस्कारतात. सुई खराब आली का? (नागपूर)

सुईला दोष द्यायच्या आधी एक सांगा: सगळ्या रेकॉर्डभर की फक्त शेवटच्या गाण्यात? शेवटीच होत असेल तर बहुधा कार्ट्रिज वाकडी बसली आहे. प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायचा कागदी साचा, छापून घ्या (प्रिंट १०० टक्के मापात आल्याची पट्टीने खात्री करा). प्रचलित बेअरवाल्ड पद्धतीत मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर कार्ट्रिज रेघांना समांतर यायला हवी. त्यासाठी सुईची दांडी बघा, कार्ट्रिजचं खोकं नव्हे. दांडी कधीकधी खोक्याशी थोडी तिरकी असते.

रेकॉर्डभर होत असेल तर केबल तपासा. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या (व्हीएम९५ई त्यातलीच) कार्ट्रिजमधलं कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मिळून वरच्या पट्टीत एक उंचवटा तयार होतो. व्हीएम९५ईचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. एकूण कपॅसिटन्स १५० पिकोफॅरड असेल तर उंचवटा १७ हजार हर्ट्झच्या पुढे जातो, कानाला फारसा कळत नाही. ४०० झाली तर तोच १०,७०० वर उतरतो आणि ‘स’ बोचायला लागतो. कंपनी १०० ते २०० सांगते. लांब केबल आणि ॲम्प्लिफायरचा २२० पिकोफॅरडचा इनपुट एकत्र आले की ही मर्यादा सहज ओलांडते. केबल आखूड, कमी कपॅसिटन्सची घ्या. भारी आणि जाड केबल इथे बऱ्याचदा उलटी पडते.

आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या २एम रेडने वाजवता येतील? (सांगली)

नाही. एलपीची सुई इतकी बारीक की ७८ च्या रुंद खाचेत ती तळाला जाऊन कचरा घासत बसते. ७८ ला ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. ऑर्टोफॉनची २एम ७८ किंवा व्हीएम९५ मालिकेतली एसपी सुई बघा, आणि ॲम्प्लिफायर मोनोवर ठेवा. प्लेअरला ७८ चा वेग आहे ना, तेही बघा: टेक्निक्सच्या एमके२ ला तो नाही, एमके७ ला आहे. तबकड्या स्पिरिटने अजिबात पुसू नका, त्या ज्या लाखेच्या असतात ती त्यात विरघळते.

सुईचा दाब मोजायच्या डिजिटल काट्यावर दर वेळी वेगळं वजन येतं. (ठाणे)

काट्याची पट्टी रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्या उंचीवर हवी. वर असेल तर बऱ्याच आर्मवर आकडा जास्त दिसतो. मोजताना अँटिस्केटिंग (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणूनची सोय) शून्यावर ठेवा. आणि स्वस्त काट्याच्या पोटात लोखंड नाही ना, ते बघा. कार्ट्रिजमधलं चुंबक त्याकडे ओढलं जातं आणि काटा तुमच्याशी खोटं बोलतो.