आधी तपासणी, मग रंग

जुनं घर विकायला काढताना वाचकांना पडलेल्या काही प्रश्नांना एका स्ट्रक्चरल इंजिनिअरची उत्तरं

प्रश्न : डोंबिवलीत १९८९ साली बांधलेल्या इमारतीत आमचा फ्लॅट आहे. दिवाळीनंतर विकायचा विचार आहे. एजंट म्हणतो, आधी रंगकाम करून घ्या. तपासणी त्याआधी करावी की नंतर?

आधीच. पुट्टी आणि रंगाखाली ओलीचे डाग, भेगा, सुटलेलं प्लॅस्टर सगळं झाकलं जातं आणि पुढच्या पावसात पुन्हा वर येतं. तोवर घर विकलं गेलं नसेल तर रंगाचे पैसे पाण्यात. विकलं गेलं असेल तर घेणाऱ्याशी कटकट. शक्य असेल तर तपासणी जुलै-ऑगस्टमध्येच उरका. मे महिन्यात गळकं छतही कोरडं ठणठणीत दिसतं.

सुरुवात बाथरूमपासून करा, आणि त्यासाठी खालच्या मजल्यावर जा. तुमच्या टाइल्स कितीही चकचकीत असल्या तरी गळती शेजाऱ्यांच्या छतालाच दिसते. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि वरची पोकळी विटांच्या तुकड्यांनी भरलेली असते. सांध्यांतून झिरपलेलं पाणी त्या भरावात महिनोन्‌महिने साचून राहतं. नहाणीचं तोंड, म्हणजे पाणी वाहून जायचं भोक, घट्ट बंद करा, इंचभर पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि २४ तास तसंच ठेवा. पातळी फारच उतरली किंवा खाली नवा डाग आला, तर टाइल्सच्या सांध्यांत नुसतं पांढरं सिमेंट भरून भागणार नाही.

सोसायटीच्या ऑफिसातून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, शेवटचा अहवालही मागून घ्या. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तुमची इमारत दुसऱ्या गटातली आहे. ऑडिट झालंच नसेल, तर सभेत विषय काढायची हीच वेळ आहे.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा पडला आणि गंजलेल्या सळया दिसू लागल्या. कंत्राटदार म्हणतो, सिमेंट मारून खाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करू. चालेल का?

नाही, आणि कृपा करून हे करू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून सळई फुगते आणि तिच्याखालचं काँक्रीट ढकलून पाडते. गंजावर सिमेंट थापलं तर आत तेच चालू राहतं. पुढचा पोपडा फॉल्स सीलिंगवर पडेल आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या डोक्यावर.

इंजिनिअर आला की ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाचा फवारा मारायला सांगा. जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे ते गडद गुलाबी होतं. जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा कस गेला आहे तिथे रंगच येत नाही. बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोहोचलेला दिसला, तर तिचं संरक्षण संपलं असं समजा. रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर ठोकून ताकद मोजायच्या साधनाचे) आकडे फक्त वरच्या थराचे असतात. तेवढ्यावर विसंबू नका.

दुरुस्ती म्हणजे सुटं काँक्रीट पूर्ण काढणं, सळई मागच्या बाजूनेही घासून स्वच्छ करणं, गंजरोधक लेप देणं आणि मग पॉलिमर मॉर्टर भरणं. सळई बरीच झिजली असेल तर जोडीला नवी घालावी लागते, आणि ती किती जाडीची हे कंत्राटदाराने ठरवायचं नाही. कामाचे फोटो व बिलं जपून ठेवा. घेणाऱ्याला ती दाखवता येतात.

प्रश्न : राजापूरजवळ आमचं चिऱ्याचं, कौलारू घर आहे. भिंतींना खालून ओल चढते. विकण्याआधी सिमेंटचं प्लॅस्टर करावं का?

घर चुन्यात बांधलेलं असेल तर नको. चिऱ्याचा दगड म्हणजे जांभा; तो पाणी शोषतो आणि चुन्यातून ते बाहेर टाकतो. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल भिंतीत आणखी वर चढते. आधी घराभोवतीची माती जोत्याच्या खाली आणा, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर न्या, मग चुन्याचाच गिलावा करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाशांची टोकं. भिंतीत गेलेल्या प्रत्येक टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवीने किंवा कुजीने लाकूड पोखरलं आहे. वाळवीवर औषध मारून घ्या आणि तो वासा बदला.

प्रश्न : सापडलेले दोष घेणाऱ्याला सांगायलाच हवेत का?

हो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्याला बंधनकारक आहे. फॉल्स सीलिंगमागची गंजकी सळई नेमकी त्यात बसते. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, कारण त्या छताखाली उद्या कुणाचं तरी कुटुंब झोपणार आहे. अहवालाची प्रत व्यवहाराची बोलणी सुरू होतानाच द्या. दुरुस्तीचा अंदाजे खर्च कळला की भाव त्या आकड्यावर ठरतो. दोष घेणाऱ्याच्या इंजिनिअरने शोधला, तर घेणारा भीतीपोटी दुप्पट रक्कम कापून मागतो.

प्रश्न : वायरिंग पस्तीस वर्षांची आहे. बदलावी का?

आधी अर्थिंग आणि इन्सुलेशन परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आजच बसवा. घर विकेपर्यंत तुम्हीच तिथे राहणार आहात.