विंचवाची साफसफाई पाहताना

पुण्यात वेताळ टेकडीवर रात्री विंचू पाहायला निघालेल्या नवशिक्याचे लक्ष बहुधा नांगीवरच खिळते. तुम्ही मात्र, विशेषतः त्याचे खाणे आटोपल्यावर, त्याच्या तोंडाकडे पाहा. तेथे दोन छोटे चिमटे असतात आणि त्यांनीच तो भक्ष्याचे तुकडे करून, त्यावर पाचकरस सोडून, पातळ झालेले अन्न शोषून घेतो. नंतर तेच चिमटे साफसफाईच्याही कामी येतात. तो पुढच्या मोठ्या पकडींची बोटे आणि पायांची टोके एकामागून एक त्यांतून ओढून काढतो, तर कधी शेपूट पाठीवरून पुढे वाकवून नांगीचे टोकही साफ करतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा विंचू स्वतःलाच डसतो आहे असे मला वाटले होते. त्याच्या पायांवर आणि पकडींवर स्पर्श व कंपने टिपणारे केस असतात, त्यामुळे तेथे साचलेली माती व चिकट अंश काढणे हा नुसता टापटिपीचा भाग नसावा, असे माझे मत आहे.

अतिनील टॉर्चच्या प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो. मात्र नुकतीच कात टाकलेला विंचू जवळजवळ चमकत नाही, म्हणून हात टेकण्यापूर्वी साध्या टॉर्चनेही जागा पाहावी. विंचू सापडला की अतिनील झोत कमी करावा, कारण तो त्यापासून दूर पळतो. महाराष्ट्रातला लाल विंचू प्राणघातक ठरू शकतो; दंशानंतर घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणे दिसले तर उतारे शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे.